प्लास्टिकचा सांगाडा : दोन वर्षांच्या वापरानंतर

रत्नागिरीजवळच्या एका नर्सिंग महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवते. चाकांच्या स्टँडवर टांगलेला, 170 सेंटीमीटर उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला. पहिले सहा महिने तो वर्गाच्या कोपऱ्यात नुसता उभा होता. मी पट्टीने हाड दाखवायचे, मुली नाव सांगायच्या, आणि 206 हाडांची ती नावे परीक्षा होताच विरून जायची. त्यात दोष सांगाड्याचा नव्हता, माझा होता.

या सांगाड्याचा खरा गुण असा, की त्याचे हातपाय सुटे करता येतात आणि चार जणींच्या गटाला एक पाय टेबलावर घेऊन बसता येते. कमरेच्या इंजेक्शनचा पाठ मी आता त्यावरच घेते. मिरकरवाडा बंदराकडे मिळणारी बोटाएवढी जाड पिवळी नायलॉनची दोरी म्हणजे सायटिक नर्व्ह, पायाकडे जाणारा जाड मज्जातंतू. मुली ती माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपासून श्रोणीच्या (कमरेच्या हाडाच्या) मागच्या मोठ्या खाचेतून बाहेर काढतात आणि बैठकीचे हाड व मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा यांच्या मधून खाली मांडीत सोडतात. मग गणपतीच्या शाळेतून आणलेल्या शाडूचा ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे नितंबाचा मोठा स्नायू, त्यावर थापला जातो. दोरी मातीखाली दिसेनाशी झाल्यावर सुई कुठे टोचावी असे विचारले, की नितंबाचा वरचा बाहेरचा चतुर्थांशच का, हे त्या स्वतःच सांगतात. शाडू तासाभरात सुकून पोपडे धरतो, म्हणून काम संपेपर्यंत त्यावर ओले फडके ठेवावे लागते, आणि नंतर सांगाडा धुण्यावरून दरवर्षी थोडी कुरकुर होतेच.

हातासाठी हाच प्रयोग लोकरीच्या धाग्याने होतो. ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागच्या खोबणीतून रेडियल नर्व्हचा (मनगट उचलणाऱ्या मज्जातंतूचा) धागा फिरवल्यावर, ते हाड मध्यावर मोडलेल्या रुग्णाचा पंजा मनगटातून का लोंबतो, ते वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

उणिवा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. कवटीच्या तळाची बरीच छिद्रे बुजलेली आहेत, मनगटाची आठ हाडे एकाच साच्यातून ओतलेली आहेत आणि मणके दांड्यात ओवलेले असल्यामुळे मानेचे पहिले दोन मणके हातात घेऊन एकमेकांवर फिरवून पाहता येत नाहीत. कमरेच्या दोन मणक्यांमधली एक चकती मुद्दाम बाहेर आलेली, लाल रंगात दाखवली आहे. ती तशीच असते असा समज एका तुकडीचा झाला होता, तेव्हा ते आधीच सांगून ठेवावे. नर्सिंगसाठी एवढ्यावर भागते. फिजिओथेरपी किंवा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र सुट्या हाडांचा संचच घ्यावा.

सर्वांत मोठी तक्रार स्क्रूंची आहे. पहिल्याच पावसाळ्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेने, खांद्याचे स्क्रू आणि जबड्याच्या स्प्रिंगा गंजल्या. विक्रेत्याने सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण हात नवा घ्यावा लागेल, असे कळवले. अखेर बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानातून त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणून बसवले. जबडा अजून सुतळीने बांधलेला आहे.