साताऱ्याचा घाट की मुंबईचं फुल?

दोन-तीन सपाट हाफ मॅरेथॉन पळून झाल्या की हौशी धावपटूला पुढचे वेध लागतात. पुण्या-मुंबईकडे तेव्हा बहुधा दोनच नावं निघतात. एक, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, धावपटूंच्या भाषेत ‘फुल’. दुसरं, पावसाळा सरता सरता साताऱ्यात यवतेश्वर घाटातले २१.१. आकडा बघून साताऱ्याला ‘अर्धं’ म्हणाल तर फसाल. मी फसलो होतो.

आधी रविवारांचा हिशोब करू, कारण निर्णय तिथेच होतो. मुंबईच्या फुलसाठी १६ ते १८ आठवडे हवेत, आठवड्यातून चार दिवस पळणं, आणि शेवटच्या टप्प्यात आठवड्याला ५०-५५ किलोमीटर. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, २८, ३०, जमल्यास ३२ किलोमीटरपर्यंत न्यायचा. किलोमीटरला सात मिनिटं हा पेस धरला तर ३२ किलोमीटरला पावणेचार तास लागतात. पहाटे चारला उठा, नऊला घरी या, आंघोळ, नाश्ता, आणि मग दुपारी माणूस असा झोपतो की पाहुण्यांना वाटावं आजारी आहे. रविवार संपला. असे चार-पाच रविवार तरी जातात, आणि ते नेमके दिवाळीनंतरच्या लग्नसराईत येतात.

साताऱ्याला १० ते १२ आठवडे पुरतात आणि लाँग रन १८-२० वर थांबतो, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला तुम्ही घरच्यांच्या ताब्यात. पण आठवड्यातून एकदा खरा चढ लागतो. पुण्यात सिंहगडाचा किंवा बोपदेवचा रस्ता, ठाण्यात येऊर. सपाट गावात राहत असाल तर उड्डाणपुलावर ये-जा. शिवाय ही तयारी जून ते ऑगस्टमधली. बूट वाळत नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावे लागतात, आणि श्रावणात उपवासाच्या दुसऱ्या दिवशी लाँग रन आला की पाय शिशाचे होतात. (मुंबईवाल्यांची इथे चैन आहे. संक्रांत शर्यतीच्या त्याच आठवड्यात येते, सराव कमी केलेला असतो, आणि गुळाच्या पोळीला ‘कार्ब लोडिंग’, म्हणजे शर्यतीआधी पिष्ट-साखरेचा साठा करणं, म्हणता येतं.)

शरीर कुठे मोडतं, हेही दोन्हीकडे वेगळं. मुंबईत इंधन संपतं. स्नायूंतला साठा साधारण तीसेक किलोमीटरपर्यंत साथ देतो. त्याआधी दर ४०-४५ मिनिटांनी एनर्जी जेल (पाकिटातला गोड, घट्ट पाक), खजूर, काहीतरी पोटात गेलं नाही तर पुढचे बारा किलोमीटर चालतच संपवायचे. त्यात ऊन. फुल पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पहिले दोन तास अंधारात, गार हवेत पाय हलके वाटतात आणि माणूस हमखास जोरात पळतो. पाच तासांत संपवणाऱ्याची खरी परीक्षा त्यानंतर, समुद्रकाठच्या दमट हवेत, नऊ-दहाच्या उन्हात होते. मार्ग अधूनमधून बदलतो, पण परतीच्या वाटेवर पेडर रोड चढलेल्या कुणालाही विचारा. एरवी टॅक्सीतून जाणवतही नाही असा तो चढ आहे. मोबदला म्हणून सी लिंकवर पायी जायला मिळतं, जे एरवी कुणालाच मिळत नाही.

साताऱ्यात इंधन पुरतं, मांड्या संपतात. निम्मी शर्यत चढ, निम्मी त्याच रस्त्याने उतार. चढाला सगळे घाबरतात; घात उतार करतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, आणि तो मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. मी मंगळवारी ऑफिसचे जिने उलटा होऊन, कठडा धरून उतरलो. वर अंगठ्याचं नख काळं. तेव्हा सरावात घाट चढून गाडीने खाली यायचं नाही. आणि कास पठारावरची फुलं दिसतील या आशेवर जाऊ नका, शर्यत त्याच्या बरीच अलीकडे वळते. धुकं मात्र मिळू शकतं, आणि दुतर्फा उभे राहून ओरडणारे सातारकर.

माझं मत विचाराल तर: आज आठवड्याला ३० किलोमीटर विनादुखापत होत असतील आणि घरात दहावी-बारावी नसेल, तर मुंबई. ‘फुल’ ही हौस फुलनेच फिटते, घाटाने नाही. गुडघे कुरकुरत असतील तर दोन्ही नको. विशेषतः सातारा नको, उतार गुडघ्यांना माफ करत नाही. वेळ कमी पण पाय धड असतील तर डोळे झाकून सातारा, फक्त नोंदणी लवकर करा, जागा भराभर संपतात. आणि सातारा करून त्याच तयारीवर मुंबई, हा मोह अनेकांना होतो. मधले आठवडे मोजले तर जमतं, पण साताऱ्यानंतर पंधरा दिवस हळूच पळायचं, त्यात तडजोड नको.

तरीही ठरत नसेल तर पैसे भरण्याआधी सलग तीन रविवार पहाटे साडेचारचा गजर लावून १५ किलोमीटर पळून या. तिसऱ्या रविवारी चहा ठेवताना घरचे काय म्हणतात, ते नीट ऐका.