युनियन आपोआप की आपखुशीने? दोन्ही प्रकारच्या प्लांटमध्ये राहून झालेलं मत

ट्रेनी म्हणून काही वर्षं काढून आता पर्मनंट व्हायच्या बेतात असलेल्यांसाठी हे लिहितोय. दोन कंपन्यांतून बोलावणं आलं की पगार, बस, कँटीन, ओव्हरटाइम सगळेच बघतात. तिथली युनियन पर्मनंट होताच आपोआप लागू होते की आपण ठरवून जायचं असतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मी आधी नाशिकच्या सातपूरला पहिल्या प्रकारच्या प्लांटमध्ये होतो, नंतर पुण्याजवळच्या चाकणला दुसऱ्या.

कायद्याचं आधी उरकतो. ‘सभासद हो, नाहीतर नोकरी नाही’ अशी जबरदस्ती मालकाने केली काय किंवा युनियनने केली काय, महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू-पल्प कायद्याप्रमाणे, म्हणजे युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथा यांच्या कायद्याप्रमाणे, ती अनुचित कामगार प्रथाच. पगारातून वर्गणी कापायची तर लेखी संमती लागते. सातपूरला यातलं काहीच मोडलेलं नव्हतं. कन्फर्मेशनच्या पत्राला संमतीचा फॉर्म टाचलेला होता आणि टाइम ऑफिसमधला माणूस ‘इथे एक, इथे एक’ म्हणून दोन्ही कागदांवर बोट ठेवत होता. इतकी वर्षं ज्या पत्राची वाट बघितली ते समोर असताना दुसऱ्या सहीला नाही म्हणणारा मी तरी पाहिला नाही.

उघड सक्ती बघायची तर अमेरिकेत. तिथेही 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ‘आधी सभासद, मग नोकरी’ बंद केलं आणि नोकरी लागल्यावर वर्गणी सक्तीची असावी का, ते राज्यांवर सोडलं. मोटारींच्या डेट्रॉइटचं राज्य मिशिगन. त्याने 2012 साली ही सक्ती मोडणारा कायदा केला आणि 2023 साली तोच कायदा रद्द करायचं ठरवलं. म्हणजे त्यांचंही अजून ठरतंय.

आपोआपवाल्या पद्धतीत दम आहे, हे आधी कबूल करतो. करार जवळ आला की मॅनेजमेंट पहिल्यांदा डोकी मोजतं. सातपूरला सगळा प्लांट एका झेंड्याखाली, त्यामुळे करार फार रखडत नसे आणि कुणाला चार्जशीट मिळाली तर चौकशीत पाठीशी कोण उभं राहणार हा प्रश्नच नसे. चाकणला दोन युनियन. कंपनीशी बोलायच्या मान्यतेसाठी तेव्हा सलग सहा महिने 30 टक्के सभासद दाखवायचे, मग समोरच्याने आक्षेप घ्यायचा, मग तारखा. तोवर मागणीपत्र कपाटात. त्यात फुकटे वेगळेच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 18(3) असं, की संराधन अधिकाऱ्यासमोर, म्हणजे वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, करार झाला की सभासद असो नसो, सगळ्यांना लागू. आमच्या लाइनवरचा एकजण कधी रुपया देत नसे, पण वाढ लागल्यावर पेढे कधी वाटताय म्हणून विचारायला पहिला. 2025 च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून अधिक युनियन असतील तिथे एकीला एकट्याने वाटाघाटी करायच्या तर 51 टक्के कामगार पाठीशी लागतात, तेव्हा सगळ्यांना एकत्र बांधण्याची ओढ आता वाढेल असं मला वाटतं.

तरीही माझं मन चाकणकडे झुकतं, त्याला कारण तसं किरकोळच वाटेल. सातपूरला वर्गणी मागायला कधी कुणी आलंच नाही.

पैसे पगारातच कापलेले असायचे, स्लिपवर पीएफच्या खाली एक ओळ. कमिटी मेंबरला माझ्या मशीनपर्यंत यायचं काही कारणच उरलं नव्हतं. भट्टीजवळचा एक्झॉस्ट बंद पडला तेव्हा त्याला गाठायला मी जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या खोलीशी जाऊन उभा राहिलो. ‘बघू’ म्हणाला. पुढच्या वेळीही बघूच. वार्षिक सभा कधी व्हायची ते नोटीस बोर्डावर सभा झाल्यानंतर कळायचं. मग करार झाला, फरकाची रक्कम आली आणि त्यातला एक वाटा ‘देणगी’ म्हणून आधीच वळता झालेला. कुणाला विचारलं? सगळ्यांना, म्हणे, त्या पहिल्या फॉर्ममध्येच बारीक अक्षरात होतं. तेव्हाच्या कायद्याने किमान वर्गणी वर्षाला 12 रुपये इतकीच होती, त्यामुळे दरमहा जायचं त्याचं मला फारसं वाटलं नव्हतं. फरकाचं लागलं.

चाकणला पगार झाल्यावर शिफ्ट सुटायच्या सुमारास कमिटी मेंबर पावतीपुस्तक घेऊन लाइनवर यायचा. एकदा कंपनीने जाड हातमोजे बंद करून पातळ सुती दिले होते. बर, म्हणजे धातूच्या कडेचे धारदार कंगोरे, काढताना बोटं कापत होती. तो आला, उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला, पेन काढलं. शेजारचा फिटर म्हणाला, ‘दादा, आधी हातमोज्यांचं बोल, मग पावती फाड.’ बाकीच्यांनीही हात मागे घेतले. त्या दिवशी एकही पावती फाटली नाही, आणि पुढच्या पगाराच्या आत स्टोअरला जुने हातमोजे परत आले. तो माणूस काही सातपूरवाल्यापेक्षा भला होता अशातला भाग नाही. त्याला दर महिन्याला आमच्यासमोर उभं राहावं लागत होतं, एवढंच.

जुन्या गिरणीवाल्यांना यात नवं काही वाटणार नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघाला, म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या एका युनियनला, एकट्यालाच बोलायचा हक्क दिला. कामगार कुणाच्याही मागे असो, टेबलाशी मुंबईच्या गिरण्यांतला हा मान्य संघ, राष्ट्रीय मिल मजदूर संघच बसायचा. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले, तेव्हा हा कायदा रद्द करा हीही मागणी होती. तिथे सभासद होण्याची सक्ती नव्हती, पण आपल्या वतीने कोण बोलणार ते आधीच ठरलेलं होतं.

अर्थात सगळ्यांनी चाकणच धरावं असं मी म्हणणार नाही. घराचा हप्ता चालू असेल, मुलं लहान असतील आणि करार वेळेवर होणं हीच निकड असेल, तर आपोआपवाला प्लांट बरा पडू शकतो. दोन युनियनच्या भांडणात कँटीनची टेबलंसुद्धा वाटली जातात, आणि रोज त्या हवेत जेवायला नको वाटतं. सही करायच्या आधी मात्र फॉर्म नीट वाचून घ्या. मासिक वर्गणीच्या खाली फरकातून कपातीची ओळ असेल तर ती खोडून सही करता येते का, ते टाइम ऑफिसला नाही, कमिटीच्या माणसाला विचारा. तो भेटायला किती दिवस लागतात तेही लक्षात ठेवा.