स्वतःचेच विडंबन करणारा भाग : 'द एम्बर आयलंड प्लेयर्स'

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या ६१ भागांपैकी 'द एम्बर आयलंड प्लेयर्स' हा ५७वा भाग चाहत्यांमध्ये आजही वादाचा विषय आहे. शत्रूच्या म्हणजे अग्निराष्ट्राच्या बेटावर लपून राहिलेले आंग (मालिकेचा बालनायक) आणि त्याचे सोबती आपल्याच पराक्रमांवर बेतलेले नाटक पाहायला जातात आणि रंगमंचावर त्यांना स्वतःची भडक, वेडीवाकडी रूपे दिसतात, एवढेच त्याचे कथानक आहे. जुन्या प्रसंगांची उजळणी करून मालिकेने वेळ काढला, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. मला तो मुळीच पटत नाही.

या भागातले विनोद मालिकेवर जीव लावणाऱ्यांसाठीच लिहिलेले आहेत. पहिल्या पर्वातला 'द ग्रेट डिव्हाइड' हा भाग अनेकांना नावडता आहे. नाटकातली मंडळी त्या भागातल्या दरीपाशी येतात आणि न थांबता पुढे उडून जातात. जेट हा बंडखोर तरुण मेला की वाचला, हे दुसऱ्या पर्वात उघडपणे सांगितलेच नव्हते आणि चाहते त्यावरून वाद घालत होते. इथे आंगच्या बाजूला आलेला अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको तोच प्रश्न विचारतो आणि ते काही स्पष्ट झाले नाही, असे आंगचा सोबती सोका उत्तर देतो. नाटककाराला माहिती पुरवणाऱ्यांत मालिकेत वारंवार दिसणारा कोबीवाला व्यापारीही आहे, हे कळल्यावर आनंद न झालेला चाहता मला अजून भेटलेला नाही.

परंतु या भागाचे खरे मोल विनोदापलीकडे आहे. आपली भूमिका एका धिप्पाड पुरुषाला दिल्याचे पाहून आंगच्या सोबत्यांपैकी टॉफ ही लहान मुलगी हरखून जाते, तर रंगमंचावरची सतत रडणारी, आशेची भाषणे देणारी कटारा पाहून आंगची सोबतीण असलेल्या खऱ्या कटाराला राग येतो. झुकोची गोष्ट त्याहून वेगळी आहे. नाटकातला झुको काका आयरो यांना नको नको ते बोलतो. तू खरेच असे बोलला नसशील, असे कटारा म्हणते, तेव्हा आपण केले ते तितकेच वाईट होते, अशी कबुली तो देतो. पुढे, माझ्याशी झालेल्या गप्पांत आयरो फक्त तुझ्याविषयीच बोलत होते, हे त्याला टॉफकडून कळते. विडंबनाच्या आडून एवढा हळवा प्रसंग लिहिणे सोपे नाही, आणि ज्यांना हा भाग निव्वळ भरताड वाटतो त्यांनी निदान हा संवाद पुन्हा ऐकावा.

झुको आणि कटारा यांची जोडी जमावी असे वाटणाऱ्या चाहत्यांची नाराजी मात्र मला समजते. बा सिंग से नगरीखालच्या गुहेत त्या दोघांमध्ये फुललेला विश्वास मालिकेनेच मोठ्या नाजूकपणे रंगवला होता. नाटकात त्याचे उथळ प्रेमप्रकरण होते आणि खरे झुको-कटारा अवघडून एकमेकांपासून दूर सरकतात. मन लावून पाहणाऱ्यांची ही थट्टा थोडी कठोर झाली. सज्जातल्या प्रसंगावरचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. माझ्या मनाचा गोंधळ उडाला आहे, असे कटारा सांगत असतानाही आंग तिचे चुंबन घेतो. ती रागावते, त्यालाही आपली चूक उमगते, म्हणजे मालिका त्याची बाजू घेत नाही. तरीही पुढच्या भागांत या दोघांमध्ये त्यावर मोकळे बोलणे व्हायला हवे होते, हे चाहत्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

नाटकाचा शेवट सर्वांत प्रभावी आहे. रंगमंचावर आधी झुको मरतो, मग अग्निराष्ट्राचा राजा ओझाय आंगला ठार करतो आणि अग्निराष्ट्राचे प्रेक्षक उभे राहून जल्लोष करतात. इतका वेळ हसवणारा खेळ क्षणात धमकीसारखा वाटू लागतो. अमेरिकेत हा भाग १८ जुलै २००८ रोजी दाखवला गेला आणि मालिकेचा चार भागांचा शेवट दुसऱ्याच दिवशी आला. हा क्रम अचूक होता. नव्या प्रेक्षकांनी आधीचे सगळे भाग पाहूनच याकडे वळावे, आणि शक्य झाल्यास लगेच पुढचे चारही भाग पाहावेत.