हिमोक्यू २०१ प्लस: सर्वेक्षणात चांगलं, उन्हाळ्यात नाजूक

किशोरवयीनांचा ॲनिमिया घरोघरी मोजायला हे यंत्र सुटसुटीत आहे: १० मायक्रोलिटर रक्त, मिनिटभरात हिमोग्लोबिनचा आकडा. घोळ होतो तो बोट टोचून रक्त घेताना. पहिले थेंब पुसून टाका. बोट पिळू नका; पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी रक्तात मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि ॲनिमियाची टक्केवारी उगाच फुगते. क्युव्हेटमध्ये (रक्त भरून यंत्रात ठेवायच्या छोट्या पट्टीत) बुडबुडा दिसला की ती बादच.

तापमानाची मर्यादा १५ ते ३० अंश. नागपूरच्या मे महिन्यात ती पाळणार कशी? कूलरसमोर ठेवून भागत नाही, दमट हवेने क्युव्हेट बिघडतात. क्युव्हेटच्या डबीचं झाकण लगेच लावा.

पंधरा वर्षांपुढे मुलींसाठी १२, मुलांसाठी १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरखाली ॲनिमिया धरा. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मात्र यात कळत नाही. विदर्भात त्याची तपासणी वेगळी करावीच लागते.