माझं ‘कॅन’ त्यांना ‘कॅन्ट’ ऐकू जायचं: उच्चार सुधारण्याचे बारा तास

‘शुक्रवारपर्यंत देऊ शकते’ असं मी कॉलवर इंग्रजीत सांगितलं आणि समोरच्यांनी ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं. माझं ‘आय कॅन’ त्यांना ‘आय कॅन्ट’ ऐकू आलं होतं. दोनदा झालं तेव्हा लाइनला दोष दिला. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ऑनलाइन ॲक्सेंट ट्रेनिंग लावलं. व्हिडिओवर एकटीला शिकवणी, आठवड्यातून दोनदा, एकेक तासाचे बारा वर्ग.

जाहिरातीत ‘ॲक्सेंट घालवा’ असं ठळक लिहिलं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी ते पहिल्या दहा मिनिटांतच खोडून काढलं. बोलण्याला परक्या भाषेची ठसठशीत छटा असली तरी ऐकणाऱ्याला सगळं नीट कळू शकतं, हे मनरो आणि डर्विंग या भाषा-संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलंय. तेव्हा आपण फक्त गाडी कुठे अडते तेवढंच बघायचं, असं त्या म्हणाल्या. जाहिरात लिहिणाऱ्याची आणि त्यांची कधी गाठ पडली नसावी.

‘कॅन’चं कोडं दुसऱ्या वर्गात सुटलं. होकार असला की इंग्रजी बोलणारे ‘कॅन’ जवळजवळ गिळून टाकतात. ‘आय क्न डू इट’, आणि जोर ‘डू’वर. नकार असेल तेव्हा मात्र ‘कॅ’ ठणठणीत येतो. शेवटचा ‘ट’ बरेच जण अर्ध्यातच सोडतात, त्यामुळे ऐकणारा होकार-नकार जोरावरून ओळखतो. मी बिचारी शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येक शब्द स्पष्ट म्हणत होते, आणि घोळ त्या स्पष्टपणामुळेच होत होता! फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तेच. मी दोन्हीकडे जोर पहिल्या अक्षरावर द्यायचे. मॅडमनी हातात रबरबँड धरायला लावला: ‘फिफ्टीन’मधल्या ‘टीन’ला ताणायचा, ‘फिफ्टी’त ‘फिफ्’लाच ताणून लगेच सोडायचा. पोरखेळ वाटला, पण दोन आठवड्यांत आकडे परत विचारणं थांबलं.

मला सगळ्यात आवडली ती कागदाची पट्टी. ओठांसमोर बोटभर रुंद पातळ कागद धरायचा आणि ‘पेपर’ म्हणायचं. पहिल्या ‘प’ला कागद फडफडला पाहिजे, दुसऱ्याला नाही. ‘स्पिन’ म्हणताना अजिबात नाही. माझा कागद ढिम्म. म्हणूनच माझं ‘पॅक’ लोकांना ‘बॅक’ वाटायचं. आता गंमत बघा, हवा सोडून म्हणायची अक्षरं आपल्याकडे ढिगाने आहेत. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनी-संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये अशी अक्षरं सुटल्यावर गळा गुणगुणायला किती वेळ लागतो ते मोजलं, त्यांत मराठीही होती. क-ख, ग-घ आपण बालवाडीपासून घोकतो. फक्त ती सवय इंग्रजीत न्यायचं कुणी सांगत नाही. इंग्रजीतलं ‘की’ (किल्ली) म्हणताना ‘ख’कडे झुकायचं, हे कळल्यावर ‘क’ एका दिवसात जमला. ‘प’ला वेळ लागला, कारण फळातला ‘फ’ दोन ओठांनी म्हणायची सवयच मोडलीय. आपण आता तोही दातांनी म्हणतो. आठवडाभर मी आरशासमोर पट्टी धरून ‘प्ह, प्ह’ करत होते. मुलीने विचारलं, ‘आई, तू कुणाचा वाढदिवस करतेयस?’

आता तक्रार. सरावाचे कागद ‘दक्षिण आशियाई’ म्हणून सरसकट छापलेले. ‘स्कूल’आधी ‘इ’ लावू नका, यावर माझा अर्धा तास गेला. मी आयुष्यात ‘इस्कूल’ म्हटलेलं नाही. उलट माझी खरी चूक त्या कागदांत नव्हतीच. ‘झू’ मी झाडातल्या ‘झ’ने म्हणते, म्हणजे जीभ आधी टेकते आणि मग सुटते. इंग्रजीत जीभ टेकवायचीच नाही, ‘स’सारखा सळसळ आवाज धरून ठेवायचा आणि गळा गुणगुणता ठेवायचा. हे माझं मीच रेकॉर्डिंग ऐकून पकडलं. मॅडमनी लगेच मान्य केलं, एवढा मोकळेपणा होता.

‘व’चे दोन प्रकार (एकात खालचा ओठ दाताला, दुसऱ्यात ओठांचा चंबू) ठीक शिकवले. नववा आणि दहावा वर्ग मात्र अमेरिकन ‘र’ वळवण्यात वाया. माझा ‘र’ आजवर कुणाला कळला नाही असं झालेलं नाही, मग तो कशाला वळवायचा? अकराव्याच्या आधी मी स्पष्ट सांगितलं, हे बंद करा, माझ्या कामातली वाक्यं घ्या. मग शेवटचे दोन वर्ग आकडे, तारखा आणि ईमेलचे पत्ते फोनवर सांगण्यात गेले, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या ‘इस्कूल’पायी गेला. वर्ग लावणार असाल तर रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं आधीच रेकॉर्ड करून पाठवा आणि यातलं काय कळत नाही तेवढंच घ्या म्हणून सांगा. मी ते दहा वर्ग झाल्यावर सांगितलं.