युनियन की एकट्याने वाटाघाट?

ऑफिसातल्या नोकरीत नुसत्या पगारवाढीचा प्रश्न असेल, तर एकट्याने वाटाघाट करणं वाईट नाही. हातात दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आणि सहज न मिळणारं कौशल्य असेल तर मॅनेजर ऐकतो. युनियनच्या सरसकट करारात अशा माणसाला कधीकधी कमीच मिळतं. शिवाय वर्गणी आणि बैठका आहेतच.

पण नोकरकपात जाहीर झाली की चित्र पालटतं. रात्री अकराचे कॉल, नोटीस पीरियड, अप्रेझलचे निकष, आधी कुणाला काढायचं, हे नियम एकट्यासाठी कुणी बदलत नाही. युनियन ते लेखी करारात आणू शकते, आणि तक्रारीसाठी कुणा एकाला पुढे व्हावं लागत नाही. (एचआर आहे की, असं म्हणणाऱ्यांनी एचआरचा पगार कोण देतं ते पाहावं.)

युनियन म्हणजे कारखान्यातली गोष्ट, हा समज तर सोडाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं १९४८ सालचं कन्व्हेन्शन (देशादेशांतला करार) क्रमांक ८७ संघटना करण्याचा हक्क देताना टेबल आणि यंत्र असा भेद करत नाही. स्वीडनमधली ‘युनिओनेन’ ही पांढरपेशांचीच संघटना, सदस्य लाखोंत.

माझा कौल युनियनला, एका अटीवर: करारात किमान पगार ठरावा, कमाल नाही. म्हणजे ऑफर लेटरवाल्यांचीही वाट मोकळी राहते.