टॅक्सी करताना फोरफ्लाइट: रनवेवर चुकून घुसण्याआधी कान पकडणारं अ‍ॅप

अमेरिकेत पायलट ट्रेनिंग घेतोय, वर्षभर फोरफ्लाइट हे पायलटांसाठीचं नकाशांचं अ‍ॅप वापरतोय. हवेतलं सगळे सांगतात, मी जमिनीवरचं सांगतो, म्हणजे टॅक्सी करतानाचं (विमान जमिनीवर चालवत नेतानाचं). विमानतळाचा नकाशा उघडला की आपलं सेसना (छोटं विमान) त्यावर सरकताना दिसतं, आणि रनवे जवळ आला की स्क्रीनवर ठळक सूचना येते, हेडसेट जोडलेला असेल तर कानात पण बोलतं.

सोलो (एकट्याने उड्डाण) करायला लागल्यावर एकदा संध्याकाळी, उन्ह डोळ्यावर, टॉवरने होल्ड शॉर्ट (रनवेच्या आधी थांब) सांगितलं, मी रीडबॅक पण नीट दिला, म्हणजे सूचना परत बोलून दाखवली, आणि मग खाली चेकलिस्टमध्ये डोकं घातलं ना, तेवढ्यात कानात आवाज आला. ब्रेक दाबला तेव्हा रनवेच्या आधी थांबायच्या चार पिवळ्या रेषांमधली पहिली अखंड रेष नाकाच्या अगदी पुढ्यात होती. हात थरथरत होते खरंच.

२००१ ला मिलानच्या लिनाटेवर धुक्यात एक छोटं सायटेशन जेट चुकीच्या टॅक्सीवेने (रनवेकडे जायच्या रस्त्याने) रनवेवर आलं, टेकऑफ घेणारं एमडी-८७ प्रवासी विमान त्याला धडकलं, ११८ माणसं गेली. म्हणून हे फीचर मला मनापासून आवडतं.

पण जीपीएस थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे रेषा आणि रनवेची लाल पाटी बाहेरच बघायची, आयपॅडवर नाही. निघायच्या आधी नकाशावरचे हॉट स्पॉट (जिथे चूक व्हायचा धोका जास्त) बघून ठेवा, आणि रनवे ओलांडायचा क्लिअरन्स (टॉवरची परवानगी) प्रत्येक रनवेचा वेगळा लागतो, शंका आली तर थांबून विचारा, टॉवरवाले सांगतात. कॉकपिटमध्ये आयपॅड किंवा आयफोनच लागतो, अँड्रॉइडवाल्यांनो लक्षात ठेवा. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.